उजनीच्या पोटातली भीमा: नकाशातला निळा रंग खरवडताना

गुगल मॅप उघडा आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरून बोट सरकवत न्या. भिगवण आलं की डाव्या हाताला एक मोठा निळा आकार सुरू होतो. मधे जाड खोड आणि दोन्ही अंगांना ओढ्यांच्या फांद्या. हा उजनीचा जलाशय, कागदोपत्री नाव यशवंतसागर. जानेवारीत बघा, मे महिन्यात बघा, निळा तेवढाच. दुष्काळी सालच्या मे महिन्यात त्या काठावर प्रत्यक्ष गेलात तर मात्र नकाशातल्या पाण्यात तुम्हाला कडवळ उभं दिसेल, गुरं चरताना दिसतील, आणि उतरत्या पाण्याच्या मागे मागे नेलेले मोटारींचे लांबच लांब पाइप दिसतील.

मग नकाशा खोटा आहे का? तसं नाही. तो निळा रंग एका निर्णयाचा आहे. धरण पूर्ण भरलं तर पाणी कुठवर येईल, ती ही रेषा. तिच्या आतलं सगळं नकाशाकाराने निळं भरून टाकलं, वर्षातून चार दिवस तिथे पाणी असो की दहा महिने. माझ्या पीएच.डी.चं काम थोडक्यात सांगायचं तर हा रंग खरवडायचा, आणि त्याच्या खाली, त्याच्या कडेला आणि धरणाच्या भिंतीपुढे भीमेचं काय झालं ते बघायचं.

इतिहासाची विद्यार्थिनी कॉम्प्युटरवर नकाशे जोडत का बसते, असं घरच्यांपासून सगळे विचारतात. त्याचं उत्तर देण्यासाठी हा लेख. थोडा लांब आहे, चहा घेऊन बसा.

धरणाआधीचं काय उरलंय?

उजनीचं काम १९६० च्या दशकात सुरू झालं आणि १९८० साली पूर्ण झालं. म्हणजे नदी बदलण्याच्या आधीची साक्ष हवी असेल तर १९७० च्या मागे जावं लागतं. आजचा कुठलाही उपग्रह तिथवर नेत नाही. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये उडाला, नेमका आपल्याकडच्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी. त्याचा एक पिक्सेल जमिनीवर जवळजवळ ८० मीटरचा. त्यात भीमेचं पात्र म्हणजे दोन-चार ठिपक्यांची रांग. त्याआधीचे फोटो आहेत ते अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरीच्या उपग्रहांचे, १९६० ते १९७२ या काळातले. ते १९९५ मध्ये खुले झाले. शीतयुद्धात दुसऱ्याच कुणावर नजर ठेवायला सोडलेले कॅमेरे आज आपल्या बुडालेल्या गावांचे गावठाण दाखवायला उपयोगी पडतात, याची मला अजून गंमत वाटते.

पण जमिनीची उंची? त्यासाठी सगळे जण जो डिजिटल उंचीचा नकाशा वापरतात, तो फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलने अकरा दिवसांत रडारने मोजलेला आहे. सह्याद्रीसाठी तो उत्तम. उजनीसाठी निरुपयोगी, कारण रडार पाण्याखाली जात नाही. त्या आठवड्यात जिथवर पाणी होतं तिथवर ताटासारखी सपाट जागा दिसते. दरी गायब. खोऱ्याचा उतार काढायचा, पात्राची खोली काढायची, तर कॉम्प्युटर म्हणतो इथे काहीच नाही.

मग उरतात कागदी नकाशे. भारतीय सर्वेक्षण विभागाची एक इंचास एक मैल या प्रमाणाची जुनी टोपोशीट्स. त्यांच्या क्रमांकपद्धतीत भिगवणचा भाग ४७-जे मध्ये येतो, इंदापूर आणि धरणाचा भाग ४७-एन मध्ये. या शीटवर भीमा आहे, ओढे आहेत, पळसदेव नदीकाठी आहे, आणि उंची दाखवणाऱ्या कंटूर म्हणजे समोच्च रेषा आहेत. हा कागद स्कॅन करून, त्यावरच्या अक्षांश-रेखांशांना खिळे ठोकल्यासारखे बिंदू देऊन आजच्या नकाशावर बरोबर बसवायचा, याला जिओरेफरन्सिंग म्हणतात. क्यूजीआयएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं. वेळ लागतो, पण अवघड काही नाही.

अडचण पुढे येते. एक इंची टोपोशीटवर कंटूर दर ५० फुटांवर असते. आता उजनीचे आकडे घ्या. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर. उपयुक्त साठा संपतो, म्हणजे वर्तमानपत्रात ज्याला शून्य टक्के म्हणतात, ती पातळी ४९१.०३ मीटर. हे आकडे असे विचित्र का? फुटात करून बघा. ४९६.८३ म्हणजे बरोबर १६३० फूट, ४९१.०३ म्हणजे बरोबर १६११ फूट. कागदावर मीटर आले तरी धरण फुटातच विचार करतंय! आणि १६११ ते १६३० हे दोन्ही आकडे टोपोशीटवरच्या १६०० आणि १६५० या दोन रेषांच्या मधे पडतात. म्हणजे ज्या १९ फुटांत उजनीचं सगळं वार्षिक चढणं-उतरणं, सगळं राजकारण, सगळे मोर्चे आणि सगळी पाळीपत्रकं घडतात, ते जुन्या नकाशावर एका कोऱ्या पट्ट्यात मावतं. तिथे एकही रेषा नाही.

इंदापूरचे सर्व्हे नंबर

इथे इतिहास कामाला येतो, आणि तोही इंदापूरचाच. कंपनी सरकारने पुणे जिल्ह्याची जमीन मोजायला सुरुवात केली ती १८२० च्या दशकाच्या शेवटी, रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याच्या हाताखाली. शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा लावायचा, असं ते शास्त्रशुद्ध वाटणारं गणित होतं. प्रत्यक्षात मोजण्या चुकल्या, हाताखालच्यांनी पैसे खाल्ले, सारा डोईजड झाला आणि कुणबी जमिनी टाकून निघून गेले. इंदापूर तालुक्याची अवस्था विशेष वाईट होती. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि त्याच्या जोडीला लेफ्टनंट विंगेट हे दोघं इंदापुरातच नव्याने कामाला लागले. तीस वर्षांसाठी सारा ठरवायचा, शेताचे सर्व्हे नंबर पाडायचे, मातीची प्रतवारी लावायची, ही पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेलेली पद्धत याच तालुक्यात उभी राहिली. आज सातबारावर जो गट नंबर आपण बघतो, त्याची खापरपणजी इंदापूरची.

मला त्यातली साऱ्याची बाजू इथे नको आहे, मातीची हवी आहे. मोजणीदारांनी मातीचा रंग पाहिला, खोली पाहिली, दोष टिपले आणि प्रत्येक शेताला प्रत दिली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. यातून तयार झालेला गावनकाशा ८ इंचास १ मैल या प्रमाणाचा. टोपोशीटवर पेन्सिलची अर्ध्या मिलिमीटरची रेषा जमिनीवर जवळपास ३२ मीटर जाड होते, तीच गावनकाशावर ४ मीटर. म्हणजे गावनकाशा आठपट बारीक. त्यावर उंची नसते, हे खरं. पण खोल काळी माती कुठवर, बरड कुठून सुरू, नदीकाठची मळईची जमीन कोणती, हे त्या मोजणीच्या दप्तरात असतं, आणि नदीखोऱ्यात मातीची खोली ही उंचीची चुलत बहीण असते. पूर जिथवर येऊन गाळ टाकत होता तिथे माती खोल. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे, पण कोऱ्या पट्ट्यापेक्षा कितीतरी बरा.

गावनकाशाला अक्षांश-रेखांश नसतात. तो गावापुरता खरा असतो, जगात कुठे आहे ते त्याला माहीत नसतं. त्याला जागेवर बसवायचं तर तेव्हाही होत्या आणि आजही आहेत अशा खुणा लागतात. आणि इथे तर गावठाणं, चावड्या, विहिरी, शिवेचे दगड सगळं पाण्यात.

दोन खुणा मात्र दगडाच्याच आणि अजून उभ्या आहेत. पहिली डिकसळचा पूल. पुण्याहून डिकसळपर्यंत रेल्वे १५ डिसेंबर १८५८ ला सुरू झाली. पुढे भीमा आडवी होती. बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, इथवरचा पुढचा टप्पा सुरू व्हायला २३ ऑक्टोबर १८५९ उजाडला. जवळजवळ सव्वाशे वर्षांनी उजनीचं पाणी येणार म्हणून रेल्वेमार्ग हलवला, आणि जुना पूल इंदापूर-करमाळा रस्त्याला मिळाला. जुन्या नकाशावर त्याच्यावरून रूळ जातात, आजच्या उपग्रहचित्रात तो पाण्यातून जाणारी एक सरळ काठी दिसतो. असा नियंत्रणबिंदू नशिबानेच मिळतो. दुसरी खूण म्हणजे जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ. गाव वर नव्या जागी गेलं, देऊळ तिथेच राहिलं. पाणी खूप उतरलं की आधी शिखर वर येतं, मग सगळंच देऊळ. वर्तमानपत्रात फोटो येतात, लोक होडीने बघायला जातात. मी त्या वर्षीची बारीक पिक्सेलची चित्रं शोधते, कारण देवळाचा बिंदू मिळाला की त्याच्याभोवतीचं जुनं गावठाण जागेवर बसतं, आणि गावठाण बसलं की शेतांचे बांध आपोआप लागत जातात.

पाण्यालाच मोजणीदार करायचं

कोऱ्या १९ फुटांसाठी दुसरा उपाय आहे, आणि मला तो या सगळ्या विषयात सर्वात सुंदर वाटतो. स्थिर पाण्याची कड ही स्वतःच एक समोच्च रेषा असते. धरणावर रोज पातळी मोजतात. त्या दिवशीचा उपग्रहाचा फोटो घ्या, त्यातली पाण्याची कड काढा, त्या रेषेला त्या दिवसाची पातळी चिकटवा. झाली कंटूर. पंधरा दिवसांनी पाणी अर्धा मीटर उतरलं असेल, पुन्हा तेच करा. जलाशय दरवर्षी स्वतःच स्वतःच्या पोटाच्या रेषा आखत खाली उतरत असतो, आपण फक्त फोटो गोळा करायचे. हे तंत्र माझं नाही. धरणात गाळ किती साठला हे काढायला नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारख्या संस्था ते पूर्वीपासून वापरतात. एकाच पातळीला पाण्याचं क्षेत्र पूर्वीपेक्षा कमी भरलं, तर मधली जागा गाळाने घेतली.

फोटोत पाणी ओळखायचं कसं? पाणी अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा पिऊन टाकतं, हिरवा थोडाफार परत पाठवतं. या दोहोंच्या फरकावरून प्रत्येक पिक्सेलला एक आकडा देता येतो. एका मर्यादेच्या वर असेल तर पाणी, खाली असेल तर जमीन. पुस्तकात सोपं. उजनीत मधे जलपर्णी येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून इथे येऊन थांबतं, त्यावर जलपर्णी आणि शेवाळ पोसतात, आणि उपग्रहाला ते हिरवं शेत वाटतं. म्हणजे पुण्यातल्या नाल्यांचा हिशेब माझ्या पिक्सेलमध्ये लागतो. पावसाळ्यात तर काहीच दिसत नाही. जून ते सप्टेंबर ढग. नदीचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम, पूर येणं आणि धरण भरणं, ढगाखाली उरकून जातं. २०१४ पासून युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ढगांतून बघतं, त्यामुळे अलीकडची वर्षं तरी सुटली.

आता जरा गणित करू. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला उपयुक्त ५३.५७, बाकीचा ६३ च्या वर मृतसाठा. मोठ्या धरणात निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात, हे उजनीचं वेगळेपण. म्हणूनच ‘उजनी उणे इतके टक्के’ अशा, बाहेरगावच्यांना न कळणाऱ्या बातम्या येतात. उणे म्हणजे पाणी संपलं असं नाही, शून्याची खूण ओलांडून आपण मृतसाठ्यात हात घातला. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. तर ५३.५७ टीएमसी म्हणजे सुमारे १५१.७ कोटी घनमीटर. हे सगळं ५.८ मीटर उंचीत मावतं. भागाकार केला तर पाण्याचं सरासरी क्षेत्र २६० चौरस किलोमीटरच्या आसपास येतं. म्हणजे उजनी ही खोल दरी नाही, परात आहे. एक मीटर पाणी उतरलं की नऊ टीएमसी जातात, आणि कडेचा उतार इतका सौम्य की प्रत्येक मीटरमागे जमिनीचा भलामोठा पट्टा उघडा पडतो. भिगवणला रोहित पक्षी येतात ते याच उथळ चिखलासाठी. कोयनेच्या उभ्या काठावर त्यांना उभं राहायला जागा मिळाली नसती.

या उघड्या पट्ट्याला महसूल खात्याच्या भाषेत गाळपेर जमीन म्हणतात. पाणी ओसरल्यावर ओल्या गाळात पेरायची, पुन्हा पाणी चढण्याआधी काढून घ्यायची. नदीकाठी ही रीत नवी नाही. धरणाआधीही उन्हाळ्यात आपल्या नद्यांच्या पात्रात कलिंगडाचे, काकड्यांचे वेल असायचेच. फरक पडला तो हक्काचा. पूर्वीचा पट्टा नदीच्या मर्जीवर होता, आताचा दरवाजे उघडण्या-मिटण्याच्या वेळापत्रकावर आणि भाडेपट्ट्यावर आहे. जमीन ज्याच्या आजोबांची होती त्याच्या नावावर ती आता नाही. आणि ती नक्की कुठे, किती दिवस उघडी असते, याचा कुठलाच नकाशा नाही, कारण सरकारी नकाशात ती जागा निळी आहे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला स्वतंत्र कायदा १९७६ चा. उजनीचं काम त्याच्या बरंच आधी सुरू झालं होतं. अशा ठिकाणी पाण्याच्या कडेचा वर्षवार नकाशा हा नुसता अभ्यासाचा विषय राहत नाही. कुठला सर्व्हे नंबर गेल्या तीस वर्षांत सरासरी किती महिने कोरडा होता, हे गावनकाशा आणि उपग्रहाच्या रेषा एकावर एक ठेवून सांगता येतं. गाळपेर कुणाला मिळावी, किती काळासाठी मिळावी, यावरच्या भांडणात आजवर दोन्ही बाजूंकडे असा कागद नव्हता.

यातला सगळ्यात खालचा भाग, मृतसाठ्याखालचा, एरवी दिसतच नाही. तो दिसतो फक्त २०१६ किंवा २०२४ सारख्या उन्हाळ्यांत, जेव्हा उजनी खोल उण्यात गेली. सोलापूरकरांच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं तेव्हाच माझ्या नकाशाला नव्या रेषा मिळतात. या विषयात काम करायचं तर हे गिळावं लागतं.

भिंतीच्या पुढे

आतापर्यंतचं सगळं भिंतीच्या वरच्या अंगाचं. तिथे बदल ढळढळीत आहे. जागतिक पातळीवरचे अभ्यासही बहुतेक तिकडेच बघतात. जगातल्या धरणांची जी मोठी डिजिटल यादी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली तिच्यात ६८६२ धरणं आहेत. प्रत्येकाला एक ठिपका आणि मागे एक निळा बहुभुज. पुन्हा तोच न हलणारा निळा रंग. २०१९ मध्ये दुसऱ्या एका गटाने नद्या किती अडलेल्या आहेत हे जगभर मोजलं आणि हजार किलोमीटरहून लांब नद्यांपैकी फक्त ३७ टक्के उगमापासून शेवटापर्यंत मोकळ्या वाहतात असं दाखवलं. कामं मोठी आहेत, मी रोज वापरते. पण भीमेसारख्या नदीवर ती उघडली की लगेच जाणवतं की खोऱ्याची जी कडा कॉम्प्युटर काढतो तीसुद्धा पुरेशी खरी नाही. उंचीच्या नकाशावरून कॉम्प्युटर सांगतो की मुळशीवर पडलेला पाऊस मुळेतून भीमेत जातो. जमिनीचा उतार तसाच आहे. पण टाटांच्या जलविद्युत योजनांनी लोणावळा, वळवण, शिरवता, ठोकळवाडी आणि मुळशीचं पाणी शंभर वर्षांपूर्वीच घाटाखाली वळवलं. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. तेव्हापासून भीमेचं काही पाणी कोकणात उतरतं आणि अरबी समुद्राला मिळतं. उताराच्या नकाशात हे दिसणं शक्य नाही. इतिहास माहीत असेल तरच हाताने ती रेषा दुरुस्त करता येते.

भिंतीच्या खाली उलट गंमत आहे. भीमानगरपासून नीरा नरसिंहपूर, पुढे पंढरपूर, जुना नकाशा आणि नवा नकाशा एकावर एक ठेवले तर नदी जवळजवळ तिथेच आहे. पंढरपूरची चंद्रकोर तशीच. नकाशापुरतं बोलायचं तर काही घडलंच नाही. आणि तरी, माझ्या मते, धरणाने नदी सगळ्यात जास्त बदलली ती इथे.

कारण इथला बदल जागेत नाही, वेळेत आहे. पूर्वी भीमा जून-जुलैत चढायची, लहान-मोठे पूर येत राहायचे, दिवाळीनंतर पाणी उतरायचं, चैत्र-वैशाखात धार बारीक व्हायची. आता पावसाळ्याचे पहिले पूर धरण गिळतं, ते भरेपर्यंत. सोडलं जातं ते बरेचदा पावसाळ्याच्या उत्तरार्धात, एकदम. आषाढीला चंद्रभागेत स्नानासाठी पाणी हवं म्हणून वेगळं सोडतात. उन्हाळ्यात सोलापूर शहराच्या पिण्यासाठी नदीतून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी जातं, तेव्हा ऐन कडक ऊन पडलेल्या दिवसांत नदी दुथडी नाही तरी चांगली वाहती असते, आणि आवर्तन थांबलं की पुन्हा डबकी. म्हणजे पंचांग उलटंसुलटं झालं.

हे दाखवायला नकाशा कामाचा नाही, म्हणून मी कॅलेंडर काढते. नदीचे पाच-पाच किलोमीटरचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यासाठी एक तक्ता: आडव्या ओळी वर्षांच्या, उभे रकाने महिन्यांचे. त्या महिन्यातल्या चित्रात ओलं पात्र किती रुंद, ते रंगाने भरायचं. १९८० च्या दशकातल्या भारतावरच्या प्रतिमा मोजक्या आहेत, त्यामुळे वरच्या ओळी विरळ. पुढे तक्ता दाट होत जातो. असा तक्ता भिंतीवर लावला की शंभर नकाशांत न दिसणारी गोष्ट एका नजरेत दिसते: उन्हाळ्याच्या रकान्यांत येणारे निळे ठिपके, आणि आवर्तनाच्या तारखा त्यांना जुळतात की नाही.

आता यातली खरी डोकेदुखी. भिंत गाळ अडवते. भिंतीखाली गाळाशिवायचं पाणी येतं आणि ते तळ आणि काठ खरवडत जातं, हे जगभर दिसलेलं आहे. तेव्हा भीमेचा तळ खाली गेला, वाळू कमी झाली, तर दोष धरणाचा? पण त्याच नदीतून वाळूचा बेसुमार उपसा झाला. वर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, त्यांच्या फुगवट्यात पात्र भरलेलं दिसतं आणि पुढे कोरडं. आणि भीमानगरच्या खाली नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते, तिच्या खोऱ्यात स्वतःची धरणं: वीर, भाटघर. पंढरपूरला पूर येतो तेव्हा उजनीचा विसर्ग किती आणि वीरचा किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी वाचल्याशिवाय बोलता येत नाही. ऑक्टोबर २०२० चा पूर तर धरणांच्या खालच्या भागात झालेल्या पावसाचाही होता. शास्त्राच्या रीतीने तुलनेला धरण नसलेली शेजारची नदी घ्यावी, तर मुळा, मुठा, पवना, भामा, कुकडी, घोड, नीरा, कऱ्हा, सगळ्यांवर भिंती. भीमेच्या खोऱ्यात अशी मोठी नदी आता सापडत नाही. म्हणून तुलना काळाशी करावी लागते, आणि धरणाआधीचा काळ उपग्रहाकडे जवळजवळ नाही. पुन्हा कागदाकडे.

यात एक मधला रस्ता मला दिसतो, तो नरसिंहपूरच्या संगमाचा. संगमाच्या वर भीमेवर फक्त उजनीचा अंमल, खाली उजनी आणि नीरा दोघींचा. संगमाच्या वरचे दोन तुकडे, नीरेचे शेवटचे दोन तुकडे आणि संगमाखालचे दोन, अशी सहा कॅलेंडरं शेजारी लावली तर कुठला ठिपका कुणी पाठवला हे वेगळं करता यायला हवं. वाळूउपशाचे खड्डे बारीक पिक्सेलच्या चित्रात गोल-गोल डबक्यांसारखे ओळखू येतात. ते तुकडे वेगळ्या खुणेने दाखवायचे, म्हणजे उपशाचं पाप धरणावर आणि धरणाचं उपशावर जाणार नाही. पुराच्या रेषांचाही प्रश्न याला जोडलेला आहे. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. पण वर दरवाजे असलेल्या नदीत ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे कुणाच्या हिशेबाने? पावसाच्या की दरवाज्याच्या? काठावर घर बांधायची परवानगी मागणाऱ्याला हा फरक घराच्या जोत्याइतका पडतो.

सध्या सहापैकी संगमाच्या वरच्या दोन तुकड्यांचे तक्ते भरतेय, २०१४ नंतरच्या रडारच्या चित्रांपासून मागे मागे जात. इंदापूर, माढा, करमाळ्याकडच्या कुणाच्या घरी धरणाआधीच्या नदीकाठचे फोटो, मोजणीची टिपणं किंवा भूसंपादनाच्या नोटिशींसोबत आलेले नकाशे असतील तर खाली जरूर लिहा. फोटोत मागे देऊळ, पूल किंवा विहीर दिसत असेल तर सोन्याहून पिवळं.